चष्म्याच्या डाव्या काचेवरची पट्टी

आदरणीय प्रशिक्षक महोदय,

स. न. वि. वि.

तुमचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहिते आहे. गेल्या रविवारी गंगापूर रस्त्याच्या बाजूच्या नेमबाजीच्या रेंजवर निरनिराळ्या रायफली हाताळून पाहण्याचा कार्यक्रम होता. तेथे शेवटच्या टेबलापाशी भाच्याची पाण्याची बाटली आणि टोपी सांभाळत उभी असलेली, चष्मा लावलेली सत्तावन्न वर्षांची बाई तुम्हांला आठवत असेल, तर ती मीच.

खरे सांगायचे तर मी रायफल चालवायला आलेच नव्हते. १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात, कांस्यपदक मिळवले आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला असे आमच्या घरी कळले, तेव्हापासून भाच्याने नेमबाजीचा जो ध्यास घेतला आहे, त्यापायी मी त्याला घेऊन आले होते. पहिल्या दोन्ही टेबलांवरच्या तरुणांनी त्याच्या हाती रायफल दिली आणि माझ्याकडे वळून हसतमुखाने सांगितले, "काकू, तुम्ही फोटो काढा." मी काढले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते हे मी जाणते. पण माझीही इच्छा असू शकेल असे त्यांना वाटले नाही, एवढे मात्र खरे.

ती इच्छा जुनी होती आणि जुनीच मोडलेली होती. १९८६ साली कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पमध्ये आम्हांला पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलच्या पाच गोळ्या मिळाल्या होत्या. पालथे पडून डावा डोळा मिटायचा, असा हुकूम होता. माझा डावा डोळा एकटा मिटत नाही. तो मिटला की उजवाही सोबत मिटतो. नेमाची कार्डे आणली तेव्हा माझे कोरे होते आणि डावीकडच्या मैत्रिणीच्या कार्डावर सात भोके होती. आम्हांला शिकवणाऱ्या उस्तादांनी ती मोठ्याने मोजली आणि सगळ्या तुकडीसमोर म्हणाले, "आँख बंद होती नहीं, निशाना क्या लगाएगी!" तुकडी हसली, मैत्रीणही हसली आणि मीही हसले, कारण न हसणे अधिक लाजिरवाणे झाले असते. पुढे दर नवरात्रात कालिकेच्या यात्रेत घरची मुले फुगे फोडत आणि मी त्यांच्या चपला-पिशव्या राखत मागे उभी राहत असे. "तू पण मार ना," असे मुलांनी म्हटले की चष्म्याचा नंबर वाढल्याचे कारण मी पुढे करी. तो नंबर, सांगायला हरकत नाही, दहा वर्षांत बदललेला नव्हता.

तुमच्या टेबलाशी मात्र भाच्याचे आटोपल्यावर तुम्ही विचारलेत, "काकू, बाटली इथं ठेवा. आता तुमचा नंबर ना?" जणू रांगेत मी होतेच.

पहिली स्प्रिंगची एअर रायफल होती. नळी खाली वाकवून छर्रा बसवायचा, मागच्या खाचेत पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा उंचवटा, धरायची आणि चाप ओढायचा. ती सुटताना खांद्यात धड मागेही जात नाही आणि पुढेही, एक विचित्र दुहेरी झटका देते. माझे दोन्ही छर्रे कार्डाला लागलेच नाहीत. मी ओशाळून कार्डाकडे पाहत होते. तुम्ही कार्डाकडे न पाहता माझ्या मानेकडे पाहत होतात. मग म्हणालात, "डावीकडे जातात ना? मान दस्त्यावरून पलीकडे कलते आहे तुमची."

अडतीस-एकोणचाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

तुम्ही मला दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे लहानसा त्रिकोण करायला लावलात आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरच्या खांबावरचा दिवा पाहायला सांगितलात. उजवा डोळा झाकला तरी दिवा जागेवर होता, डावा झाकला की नाहीसा. माझा हात उजवा आणि डोळा डावा. असे पुष्कळांचे असते, त्यात काही बिघाड नाही, हे तुम्ही इतक्या सहजपणे सांगितलेत की जणू माझ्या चपलेचा आकडा सांगत होतात. रायफल उजव्या खांद्याला लावली आणि नेम डाव्या डोळ्याने धरला, की नळी डावीकडे वळणारच. मैत्रिणीच्या कार्डावरची ती दोन जास्तीची भोके तिथून आली होती.

आणि यानंतर तुम्ही जे केलेत, त्यासाठी हे पत्र आहे. प्रथमोपचाराच्या पेटीतून तुम्ही पांढरी कागदी चिकटपट्टी काढलीत, तिचा दोन बोटांएवढा तुकडा कापलात आणि तो हातात धरून थांबलात. "काकू, तुमच्या चष्म्याला हात लावू का?" मी हो म्हटल्यावर चष्मा माझ्या हातून घेतलात, शर्टाच्या टोकाने नव्हे तर खिशातल्या स्वच्छ रुमालाने डावी काच पुसलीत, पट्टी बसवलीत, तिचे कोपरे नखाने दाबलेत आणि काड्या माझ्याकडे करून चष्मा परत दिलात. काळा कागद का नाही, असे मी विचारले. उजेड दोन्ही डोळ्यांना सारखा पोचावा, नाहीतर उघड्या डोळ्यावर ताण येतो, असे म्हणालात. शिवाय स्पर्धेतही न वापरायच्या डोळ्यापुढे ३० मिलिमीटर रुंदीपर्यंतची पट्टी नियमाने चालते, हेही सांगितलेत. म्हणजे ही माझ्यासाठी केलेली दयेची सोय नव्हती, खेळाचेच साधन होते.

डोळा मिटण्याची गरजच उरली नाही.

मग नळीखालच्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, स्पर्धेची रायफल तुम्ही टेकूवर ठेवून दिलीत आणि गाल टेकवायची पट्टी माझ्या मापाने खाली घेतलीत. अशी रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, हे ऐकून भाच्याने माझ्या दंडाकडे काळजीने पाहिले. हिला खाच नव्हती; मागे बारीक छिद्र, पुढे एक कडे, आणि त्या कड्याच्या मधोमध काळे वर्तुळ तोलून धरायचे. "कडं स्वच्छ दिसू द्या, कार्ड धूसर राहिलं तरी चालेल," हे तुमचे वाक्य. चाप इतका हलका की छर्रा सुटल्याचे आवाजाने कळले, खांद्याला काही समजलेच नाही. दहा मीटरवरच्या त्या कार्डात दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. मला दहा लागला नाही, हे सांगून टाकते. एक नऊ, दोन आठ, एक सहा आणि पाचवा पांढऱ्यात. पाचही माझ्याच कार्डावर.

शेवटी ठेवलेली पॉइंट टू-टू परवानाधारक सभासदाची असल्याने आम्हां पाहुण्यांना ती फक्त पाहायची होती. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, भगव्या रंगाची सुरक्षेची पट्टी आणि नळी लक्ष्याकडे. मी ती बराच वेळ पाहिली. तुम्ही घाई केली नाहीत. निघताना छर्रे शिशाचे असतात म्हणून साबणाने हात धुऊन मगच वडापाव खायला सांगितलेत, हेही लक्षात आहे.

मी एकतीस वर्षे शाळेत शिकवले. त्या रात्री मला आमच्या वर्गातला एक डावखुरा मुलगा आठवला. त्याच्या अक्षरावर मी वर्षभर लाल शेरे मारले आणि तो बाकाच्या उजव्या टोकाला बसतो, त्याचे कोपर शेजाऱ्याला लागू नये म्हणून अंग चोरून लिहितो, हे मला वर्ष संपताना दिसले. त्यामुळे उस्तादांवर फार रागावण्याचा अधिकार मला राहिलेला नाही. तरी थोडा राग आहे, तो राहू द्यावा. मात्र, दोष ठरवण्याआधी मान कुठे कलते आहे हे पाहणारी आणि दुसऱ्याच्या चष्म्याला हात लावण्यापूर्वी विचारणारी माणसे या गावात आहेत, याचे मला त्या दिवशी खरोखर अप्रूप वाटले.

घरी पोचेपर्यंत पट्टी काढायची मला आठवण नव्हती; रिक्षावाल्याने "डोळ्याचं ऑपरेशन झालं का, मावशी?" असे विचारले तेव्हा भाचा हसून लोळला. आता जुना चष्मा रेंजसाठी वेगळा काढून त्याच्या डाव्या काचेवर मी स्वतः पट्टी लावली आहे, पण ती जरा तिरपी बसल्यासारखी वाटते. येत्या रविवारी सकाळी आम्ही दोघे येत आहोत. तेव्हा तेवढी पाहून द्यावी.

आपली कृतज्ञ,
पाण्याची बाटली धरून उभी असलेली काकू
नाशिक