फर्स्ट क्लासमधला एकटा प्रवासी : रेल्वेमंत्र्यांना मराठवाड्यातून खुलं पत्र

मा. केंद्रीय रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

30 डिसेंबर 2023 ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत आली. त्याचे आभार मानून झाले आहेत, पुन्हाही मानतो. हे पत्र मात्र त्या गाडीच्या एक्झिक्युटिव्ह डब्यातून किंवा रात्रीच्या गाडीच्या फर्स्ट एसीतून एकट्याने जाणाऱ्या माणसाबद्दल आहे. गाडीतलं सगळ्यात महागडं तिकीट त्याचं असतं. पण डबा आखताना, तिकीट देताना आणि चार्ट लावताना तो एकटा असू शकतो, हे कुणी गृहीत धरलेलं दिसत नाही.

वेगाचं आधी उरकून घेतो. वंदे भारतची चाचणी ताशी 180 किलोमीटरने झाली. नांदेड ते मुंबई हे सुमारे 610 किलोमीटर अंतर ती साडेनऊ तासांत कापते, म्हणजे सरासरी 65 च्या आसपास. संभाजीनगर-परभणी या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला 2025 मध्ये मंजुरी मिळाली. ते होईपर्यंत एकाच रुळावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी क्रॉसिंगला थांबणं आलंच. तेव्हा शेजारी कोण बसतं हा प्रश्न इथे दोन तासांचा नाही, अख्ख्या दिवसाचा आहे.

एक्झिक्युटिव्ह डब्यात 52 आसनं असतात, दोन अधिक दोन अशी. आसन फिरतं, याचं कौतुक खूप झालं. खालचं पेडल पायाने दाबायचं आणि आसन वळवायचं. पण वळते ती जोडी, एकटं आसन वळत नाही. शेजाऱ्याला उठवल्याशिवाय, दोन्ही पाठी सरळ केल्याशिवाय आणि पायाशी ठेवलेली पिशवी काढल्याशिवाय ती फिरत नाही, जोर लावला तर अर्ध्यावर अडकते. तिघांच्या कुटुंबातले दोघे पुढच्या रांगेत आणि तिसरा तुमच्या शेजारी आला, की ते पुढची जोडी उलटी फिरवून घेतात. मग जेवणाचे डबे उघडतात आणि एकटा प्रवासी परक्या घरच्या पंगतीत बसल्यासारखा गुडघे आवळून मनमाडची वाट बघतो. यात त्या कुटुंबाचा दोष नाही. जागाच तशी वाटली गेली.

ती तशी वाटली जाते, कारण आयआरसीटीसीवर आसनांचा नकाशा नाही. खिडकी हवी एवढी पसंती नोंदवता येते आणि ती मिळेलच असं नाही. नांदेड-लातूरहून पुण्याला जाणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सच्या ॲपवर कुठलं आसन रिकामं आहे आणि शेजारचं महिलेने घेतलंय का, हे रंगावरून कळतं. बाराशे रुपयांच्या बसला जे जमतं, ते एक्झिक्युटिव्हला जमायला हरकत नसावी. याला सुटा भाग लागत नाही, कारखाना लागत नाही.

कारखाना लागतो तो दुसऱ्या मागणीला. फ्रान्सच्या टीजीव्हीमध्ये पहिल्या वर्गाची आसनं दोन अधिक एक अशी असतात. जपानच्या शिंकान्सेनमध्ये ग्रान क्लास हा सर्वांत वरचा वर्गही तसाच आहे. एकट्याला एकटं आसन, खिडकीही त्याची आणि वाटही त्याचीच. आम्ही पूर्ण डबा बदला म्हणत नाही. 52 आसनं म्हणजे 13 रांगा. त्यातल्या तीन रांगांत एका बाजूची जोडी काढून एकेरी आसन बसवा. आसनं 49 होतील. एकेरी आसनाला दीडपट भाडं लावलंत, तर तीन आसनांचे साडेचार भाड्यांएवढे पैसे येतात. आधी तिथे सहा भाडी येत होती. उरलेली दीड भाड्याची तूट बाकीच्या 46 तिकिटांवर वाटली, तर तिकीट साडेतीन टक्क्यांच्या आतच वाढतं. दीडपट द्यायला लोक तयार होतील का, ही शंका रास्त आहे. एका गाडीत सहा महिने करून बघा, आकडे तुमच्याच हातात येतील.

वंदे भारत स्लीपरचे डबे लातूरच्या हरंगुळच्या कारखान्यात बांधायचं ठरलं आहे, म्हणून फर्स्ट एसीचंही आत्ताच सांगतो. सांगाडा तयार झाल्यावर भिंत हलवता येत नाही. फर्स्ट एसीत दोन बर्थचा कूपे असतो, नाहीतर चार बर्थची केबिन. तिकीट काढताना यातली पसंती देता येते, पण बर्थ क्रमांक चार्ट लागल्यावरच कळतो. एकटीने निघालेल्या बाईला तीन अनोळखी पुरुषांची केबिन मिळाली, तर दार बंद करून घ्यायचं की उघडं ठेवायचं? बंद केलं तर भीती, उघडं ठेवलं तर पैसे कशाचे दिले? थ्री-टायरमध्ये निदान आजूबाजूला सात माणसं दिसतात.

यावर उपाय चार्टातच आहे. पहाटे पाचनंतर आणि दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाड्यांचा चार्ट आता आदल्या रात्री आठपर्यंत लागतो, इतरांचा किमान दहा तास आधी. तिकिटाच्या अर्जात ‘एकटी प्रवासी’ असा एक रकाना द्या. चार्ट लावताना आधी अशा महिला एका केबिनमध्ये घ्या, मग कुटुंबं, मग बाकीचे. नियमाला आधारही आहे. ज्येष्ठ नागरिक आणि 45 वर्षांवरच्या महिलांना खालचा बर्थ राखून देताना प्रवासी एकटा आहे की दोघे, हे तुमची यंत्रणा बघतेच. तेच फर्स्ट एसीतही करायचं आहे.

सामानाचं थोडक्यात. फर्स्ट एसीला 70 किलो मोफत आहे, पण वंदे भारतमध्ये मोठी बॅग वरच्या फळीवरच जाते आणि तिला साखळी अडकवायला कडी नाही. एकट्या माणसाने स्वच्छतागृहात जाताना बॅग कुणाच्या भरवशावर ठेवायची? दारालगत खाली एक कप्पा आणि त्याला दोन कड्या, एवढं पुरे. पंधरा किलोची बॅग डोक्यावर उचलणं साठीच्या बाईला झेपत नाही, म्हणून पोचवायला आलेला मुलगा आत चढतो. परभणीला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. दारं आपोआप मिटतात, आतून उघडत नाहीत, आणि मुलगा विनातिकीट जालन्याला पोचतो. घोषणा होते, पण दार मिटायच्या बेतात असताना. ही घोषणा गाडी फलाटावर येण्याआधी व्हावी, मराठीत आणि सावकाश. डबा कुठे लागणार हे दाखवणारा फलकही त्याच वेळी चालू असावा, म्हणजे वीस डब्यांच्या गाडीमागे धावावं लागणार नाही.

शेवटचा मुद्दा दोन टोकांच्या वेळांचा. गाडी नांदेडहून पहाटे पाचला सुटते आणि परतीला रात्री पावणेअकराच्या पुढे पोचते. रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘मेरी सहेली’त एकट्या महिलांची विचारपूस होते, पण ती गाडी जिथून सुटते त्या स्थानकावर. परभणीला पावणेसहाच्या अंधारात चढणारीची नोंद कोण घेणार? आरक्षणाच्या यादीत तिचं नाव आदल्या रात्रीच असतं, तिथूनच नोंद उचला. मनमाडच्या अलीकडे दक्षिण मध्य आणि पलीकडे मध्य रेल्वे, त्यामुळे रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावरची तक्रार हद्द ओलांडताना नव्याने सांगावी लागू नये, हेही बघा. आणि नांदेडला प्रीपेड रिक्षाची खिडकी घड्याळावर नको, गाडीवर चालवा. गाडी बाराला आली तर खिडकीही बारापर्यंत उघडी हवी, कारण त्या वेळी देगलूर-लोह्याकडची एसटी मिळत नाही.

यातला आसनांचा नकाशा, तिकिटाचा रकाना, घोषणा आणि रिक्षाची खिडकी या गोष्टींना निविदा लागत नाही. त्या कधीपासून होतील, एवढं नांदेड विभागाकडून लेखी कळवावं, ही विनंती.

कळावे,
मराठवाड्यातले नेहमीचे रेल्वे प्रवासी