संशोधन वर्गापर्यंत यावे

विशेष शिक्षणातील देशी-परदेशी संशोधनाची तुलना करणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्याच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे: परदेशी अभ्यासक एखादी अध्यापनपद्धती एकेका मुलासोबत वापरून त्याची प्रगती सातत्याने नोंदवतात, तर आपल्याकडचे अनेक प्रबंध शिक्षकांच्या दृष्टिकोनाच्या प्रश्नावलीपाशीच थांबतात. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, विशिष्ट अध्ययन अक्षमतेलाही (बुद्धी सामान्य असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीला) त्यात स्थान मिळाले. परंतु 'घ' आणि 'ध' यांत वारंवार गोंधळणाऱ्या, अन्यथा चुणचुणीत मराठी मुलाला नेमक्या कोणत्या सरावाने वाचता येऊ लागेल, हे इंग्रजी वाचनावरील परदेशी निष्कर्षांतून कळणार नाही. त्यासाठी नागपुरातील संशोधन मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांना शहरातल्या मराठी शाळांच्या वर्गांत प्रत्यक्ष काम करायला लावावे.

— एक विशेष शिक्षिका, नागपूर