रथाच्या चाकांसाठी एक आरा, एक जुना खांब : ग्रामस्थ, चाकरमानी आणि भाविकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या श्रीदेव लक्ष्मीनारायणाच्या रथाची मागची दोन्ही चाकं आता ओढण्याजोगी राहिलेली नाहीत. यंदा रथसप्तमीला रथ बंदरावर जाऊन सुखरूप परत आला, तो देवाच्या कृपेने आणि मागून लाकडी ठोकळे घेऊन धावणाऱ्या पोरांच्या हिमतीने. पुढच्या माघात या चाकांवर रथ काढायचा नाही, असं देवळातल्या बैठकीत सर्वानुमते ठरलं आहे. नवी चाकं करायची आहेत, आणि ती आपल्या सर्वांच्या हातभाराशिवाय होणार नाहीत.

उत्सव आटोपल्यावर रथ उचलून चाकं सोडवली, तेव्हा खरी अवस्था दिसली. उजव्या चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या गाभ्याला, उभी चीर गेली आहे, तिच्यात बोट शिरतं. तुंब्यापासून कडेपर्यंत जाणारे तीन-चार आरे पडायला आलेल्या दातासारखे हलतात. कडेचं लाकडी वर्तुळ बनवणाऱ्या पुठ्ठ्यांच्या सांध्यांवर टिचकी मारली की भुंग्याने पोखरलेला भुसा झडतो. बाहेरची लोखंडी धाव, म्हणजे चाकावरचं कडं, तेवढी शाबूत आहे, आणि तिनेच आजवर चाक एकत्र धरून ठेवलं. समुद्रावरची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि रथशाळेची गळती कौलं, लाकडाने तरी किती सोसावं? कौलांचं काम समितीने स्वतःच्या शिल्लकीतून हाती घेतलं आहे, ते पावसाआधी पुरं होईल.

काही मंडळींनी मनापासून सुचवलं की ट्रॉलीचा सांगाडा आणून त्यावर टायर बसवावेत. खर्च कमी, काम महिन्याभराचं. आम्ही त्याचा नीट विचार केला आणि नको म्हटलं. देवळापुढची घाटी आपल्याला माहीत आहे. बेअरिंगवरचं चाक उतारावर सुटतं, आणि हवेच्या टायरवर एवढा उंच रथ डुलायला लागतो. लाकडी चाक आसावर घासत, कुरकुरत, आपल्या चालीने उतरतं; दोर धरणाऱ्यांना ते आवरता येतं. शिवाय कोकणात मान पालखीचा. घाट्या, पाणंदी आणि पऱ्ह्यांच्या या मुलखात देव खांद्यावरून फिरतो, रथ ओढणारी देवळं मोजकीच. गोकर्णला महाशिवरात्रीच्या उत्सवात महारथ निघतो, मंगेशीला माघी जत्रेत देव रथात बसतो. आपल्याकडे माघ शुद्ध सप्तमीला, सूर्याच्या रथाच्या दिवशी, नारायण रथातून समुद्राला भेटायला जातो. जे मोजक्या गावांना लाभलं आहे, ते आपल्या हातून बिघडू नये असं आम्हाला वाटतं.

आता मागणं. पैशाआधी लाकडाचं सांगतो, कारण खरी अडचण तिथे आहे.

चाकाला मुरलेलं लाकूड लागतं. ओलं लाकूड वापरलं तर ते वर्षाभरात आकसतं, आरे तुंब्यात सैल होतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. नवा साग तोडायचा तर तो आपल्या जमिनीतला असला तरी वन खात्याची परवानगी, वाहतुकीचा पास, आणि पुढे सुकवण्यात गेलेला काळ. पण गावोगाव जुनी घरं उतरवून स्लॅबची घरं उभी राहत आहेत. त्या घरांचे सागाचे खांब, ऐनाच्या तुळया कित्येक पिढ्यांच्या चुलीच्या धुरात मुरलेल्या असतात. असं लाकूड बाजारात मिळत नाही, आणि हल्ली ते शहरातल्या फर्निचरवाल्यांकडे मिळेल त्या भावाला जातं. आपलं घर उतरवत असाल, किंवा मांगरात एखादी तुळई पडून असेल, तर कृपा करून आधी देवळात कळवा. आमचे सुतार येऊन लाकूड पाहतील. कामाचं असेल तरच नेऊ, वाहतूक आमची. ज्या घरात आजी-आजोबा वावरले त्या घराचा खांब देवाच्या चाकात जाईल, यापेक्षा त्याची चांगली गत कोणती?

पैशांचं असं. दोन चाकं, प्रत्येकी १२ आरे, म्हणजे २४ आरे. एका आऱ्यामागे ₹५,००० देणगी ठरवली आहे. एका कुटुंबाने एक आरा घ्यावा. जमत नसेल तर भावकीने मिळून, वाडीने मिळून, माहेरवाशिणींनी मिळून घ्यावा. ज्यांना ₹५१ द्यायचे आहेत त्यांचीही पावती फाडली जाईल. लोखंड, आस आणि लोहारकामाचा खर्च समिती करणार आहे.

या देणगीवर आयकराची ८०जी सवलत मिळणार नाही, कारण आपल्या देवस्थानाकडे ती नोंदणी नाही. हिशेब मात्र पै-पैचा ठेवला जाईल आणि सभामंडपातल्या फलकावर लागेल. आपल्याच राजापूर तालुक्यात कशेळीच्या कनकादित्याच्या सूर्यमंदिराकडे शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा ताम्रपट आहे. दान कोणी दिलं, कशासाठी दिलं, ते आठशे वर्षांनंतरही वाचता येतं. आमच्याकडे ताम्रपट नाही, पण वहीत नाव आणि कारण तितक्याच निष्ठेने लिहिलं जाईल.

खात्याचा तपशील फक्त खजिनदारांकडून किंवा देवळातल्या कार्यालयातून घ्यावा. फोनवरून कोणी परस्पर पैसे मागितले तर देऊ नयेत.

हातांचीही गरज आहे. लाकूड पावसाआधी गोळा करून माळ्यावर ठेवायचं, दसऱ्यानंतर कातकाम, कार्तिकात जोडणी, मार्गशीर्षात धाव चढवायची. धाव चढवणं पाहण्यासारखं असतं. गोवऱ्यांच्या वर्तुळात लोखंडी कडं लाल होईपर्यंत तापवतात, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. कडं आकसतं आणि सगळे सांधे आवळले जातात. पाणी ओतायला उशीर झाला तर लाकूड जळतं, म्हणून त्या दिवशी कळश्या घेऊन उभी राहणारी किमान वीस माणसं लागतील. शेवटी चाकांना काजूच्या टरफलाचं तेल पाजायचं, जसं आपले खारवी बांधव होड्यांना पाजतात. ते तेल हाताला भाजतं, त्यामुळे हे काम जाणत्यांनीच करावं.

बाहेरगावच्या भाविकांनीही यावं. रथसप्तमीला आलेल्या पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय वाडीतल्या घरांतून होते. येण्याआधी कळवलंत तर बरं पडेल. कोकण रेल्वेने आलात तर राजापूर रोड स्थानकावरून पुढे बराच प्रवास आहे, वाहन आधी ठरवून ठेवा. मानकऱ्यांनी पहिला हात लावल्यावर काथ्याचा दोर सर्वांसाठी खुला असतो, बायकांसाठीही.

मे महिन्यात चाकरमानी गावात असतानाच बैठक घेत आहोत. अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी १० वाजता, सभामंडपात. सोडवलेली चाकं तिथेच ठेवलेली आहेत, हात लावून पाहा. लाकूड देणाऱ्यांनी आपली नावं त्याआधी कळवली तर सुतारांना मोजमाप घ्यायला त्याच आठवड्यात पाठवता येईल.

आपले नम्र,
उत्सव समिती, मानकरी व समस्त ग्रामस्थ