वेल्ह्याचा की गुंजवण्याचा?

प्रिय मंद्या,

उशिराबद्दल माफी वगैरे मागत नाही, तू तरी कुठे लिहिलंस! आईची साखर आटोक्यात आहे, माझा गुडघा होता तसाच. आता मुद्द्याचं. इथे कुणालाही सांगितलं की उत्तर ठरलेलं, "अरे, कुत्रंच आहे ना?" म्हणून तुला लिहितोय.

तोरणा-राजगड केला. पक्या, त्याचा भाचा आणि मी. राजगडावर मुक्काम बंद झाल्यापासून सगळं एका दिवसात उरकावं लागतं, म्हणून तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यातून अंधारातच निघालो. गावाबाहेर पडतो तर पुढे एक तांबूस कुत्रा, डावा कान फाटका. वाटलं, बिनी दरवाज्यापासून परत फिरेल. कसला फिरतोय! मेंगाईच्या देवळापाशी आम्ही ठेपल्यांचा डबा उघडला, तर हा आमच्याकडे पाठ करून बसला. मागितलं नाही. पक्याने पुढे टाकला तेव्हा खाल्ला. तुझ्यापेक्षा बराच सभ्य.

तोरण्याच्या बुधला माचीखाली तो कातळ आहे ना, जिथे तू "मी इथेच संसार थाटतो, तुम्ही जा" म्हणाला होतास, तिथे हाही अडला. पुढचे पाय खाली टाकायचा, नखं कातळावर खरखरायची, की पुन्हा मागे. पक्या उचलायला गेला तर गुरगुरला. आम्ही उतरलो, वर बघतो तर गायब. म्हटलं, गेला घरी. सोबत सुटल्यासारखं वाटलं खरं. थोड्या वेळाने कारवीत खसफस झाली आणि साहेब भलत्याच बाजूने हजर, अंगभर कुसळं. त्यानंतर धारेवर सगळी वाट तोच पुढे. फाटा आला की थांबायचा आणि शेवटचा माणूस दिसेपर्यंत हलायचा नाही. शेवटचा म्हणजे मीच. तू लीडर असताना ही सोय नव्हती, तू तर थेट खाली जाऊन चहा पीत बसायचास.

खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडून राजगडाच्या संजीवनी माचीच्या चढाला लागलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. पक्याने टोपीत पाणी ओतलं, त्याने हुंगून तोंड फिरवलं. (पक्याची टोपी. त्याचा दोष नाही.) माझ्या ओंजळीतलं मात्र शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि रिकामा तळवा चाटत राहिला. तिथेच मी कामातून गेलो.

अळू दरवाजा, पद्मावतीवर पिठलं-भाकरी, चोर दरवाज्यात उतरणाऱ्यांची ही रांग, ते सगळं तुला माहीत आहे. युनेस्कोच्या यादीत २०२५ मध्ये गड गेला, त्याचा गावातल्या मावशींना काय फायदा झाला ते विचारायचं राहिलं. खरी गंमत खाली पायथ्याच्या गुंजवण्यात. तिथली चार कुत्री अंगावर आली तसा आमचा वाघ शेपूट घालून थेट माझ्या दोन पायांच्या मधे. मी चहावाल्या मावशींना म्हटलं, "हा वेल्ह्याचा आहे, याला परत कसा पाठवू?" त्या हसल्या. "वेल्ह्याचा कुठला? तिकडचे म्हणतात गुंजवण्याचा. शनिवारी एका घोळक्याबरोबर जातो, रविवारी दुसऱ्याबरोबर येतो." आणि कप विसळता विसळता म्हणाल्या, "याच्या आधीचा होता, त्याला बिबट्याने नेला."

झालं! तेव्हापासून डोक्यात तेच. बिबट्याला कुत्र्याइतकी सोपी शिकार नाही, आणि हा रात्री-बेरात्री त्या धारेवर. सुमा म्हणते, आण घरी. मुलीने नावसुद्धा ठरवलंय, वाघ्या. म्हटलं, बाई, त्या नावावरून रायगडावर आधीच पुरेसे वाद झालेत. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे मी सेक्रेटरींना ऐकवून आलोय. कुत्रा अजून आणलेला नाही, भांडण मात्र आधीच उरकलं.

पण मंद्या, आम्ही गाडीचं दार उघडं ठेवलं होतं. तो आला, सीट हुंगली आणि जाऊन चुलीपाशी बसला. पंचवीस डोंगर तुडवणारा प्राणी तिसऱ्या मजल्यावर गॅलरीतून रिक्षा बघत बसेल? पाचनईचं पिल्लू आठवतंय? तू ते सॅकमध्ये घालून निघाला होतास आणि मी परत ठेवायला लावलं. आळेफाट्यापर्यंत एसटीत तू माझ्याशी बोलला नाहीस. माझं म्हणणं आजही तेच आहे, त्याची आई तिथे होती. पण याची ना आई, ना गाव, आणि तो बिबट्या. पक्याचं मत विचारू नकोस, तो म्हणतो टॉस कर.

तुझं प्रमोशन कळलं, पार्टी बाकी आहे. वहिनींची बदली इंदूरलाच राहिली हे बरं झालं. चिनूला दहावीसाठी शुभेच्छा, आणि तिला म्हणावं बापाचं गणित बघू नकोस.

शनिवारी मी पुन्हा गुंजवण्याला जातोय. पक्याचा मेहुणा, तोच ढोरांचा डॉक्टर, बरोबर येतोय. रेबीजची लस आणि गोचिडांचं औषध तर नक्की देणार, पट्टा पण घेतलाय. तो गळ्यात घालायचा की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव. आणि फोन करू नकोस, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. लिही.

तुझा,
बाळ्या