काका, त्या 'पिवळ्या धातू'साठी थँक्यू

काका, नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात पण देता आलं असतं, पण तुमच्यासमोर बसून थँक्यू म्हणलं की तुम्ही लगेच "चहा घेणार का" म्हणून उठता, परवा पेढे घेऊन आले तेव्हा पण तेच केलंत, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. आणि दुसरं असं की आपल्या अभ्यासिकेतल्या चार-पाच जणांचं गाडं सध्या तिथंच अडकलंय जिथं माझं अडकलं होतं, ते पण वाचतील. तुमचं नाव टाकत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काका म्हणजे आमच्या समोर राहणारे रिटायर पोलीस. २८ मे २०२३ ची यूपीएससी प्रीलिम मी पुण्याला जाऊन दिली आणि जीएस (सामान्य अध्ययन) चांगलं जाऊनही सीसॅटमध्ये, म्हणजे गणित, तर्क आणि इंग्रजी उताऱ्यांच्या पेपरात, गेले. सीसॅट नुसता पास व्हायचा असतो, २०० पैकी ३३ टक्के म्हणजे ६६ मार्क. आन्सर कीवरून हिशोब केला तर माझे ३० बरोबर, १६ चूक, एका बरोबरला अडीच आणि चुकीला त्याचा तिसरा हिस्सा वजा, झाले ६१.६७. अजून दोन प्रश्न बरोबर आले असते तर निघाला असता. आणि त्या १६ चुकांमधल्या ११ पॅसेजच्या, त्यात पण बहुतेक इन्फरन्सच्या, म्हणजे "या उताऱ्यावरून सगळ्यात तर्कशुद्ध निष्कर्ष कोणता" असे. गणितात चुकलं तर कुठं चुकलं ते सापडतं हो, इथं मला चारही पर्याय बरोबर वाटायचे आणि उत्तर बघितलं तरी पटायचं नाही. क्लासमध्ये विचारलं तर "कीवर्ड शोधा, प्रॅक्टिस करा" एवढंच सांगायचे. कीवर्ड तर चारही पर्यायांत असतात!

मग तो ऑक्टोबरमधला दिवस. मागच्या कारखान्यात मागांची खटखट चालू, आमच्या घरातली लाइट गेलेली म्हणून मी मॉक टेस्ट घेऊन तुमच्या कट्ट्यावर बसलेले आणि तुम्ही पेपर खाली ठेवून म्हणालात, "काय वाचायलीस गं एवढं तोंड पाडून?" मी म्हणलं काका इंग्रजी आहे, खगोलशास्त्राचा उतारा आहे, तुम्हाला बोअर होईल. तर तुम्ही म्हणालात, "मला इंग्रजी येत नाही, ग्रहताऱ्यांचं पण काही कळत नाही, तू मराठीत सांग की, मी ऐकतो." मला वाटलं तुम्ही माझं मन रमवायला म्हणताय. पण सांगायला लागले आणि तिसऱ्याच वाक्याला तुम्ही थांबवलंत, "हे त्यात लिहिलंय का तू घातलंस?"

तो उतारा मला आता पाठ झालाय. युरेनस हिशोबाप्रमाणे चालत नव्हता, म्हणून ले व्हेरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं अंदाज बांधला की पलीकडं एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार, आणि तो कुठं असेल ती जागा कागदावर काढून दिली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गालेनं दुर्बीण लावली तर सांगितलेल्या जागेपासून १ अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग त्याच ले व्हेरिएला बुधाची चाल पण हिशोबात बसेना, बुधाची कक्षा दर शतकाला थोडी जास्तच सरकत होती, म्हणून १८५९ मध्ये तो म्हणाला की सूर्य आणि बुधाच्या मधे पण काहीतरी असणार, त्याला नाव पण पडलं, व्हल्कन. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला, कुणाला सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९१५ मध्ये आइनस्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि ती जास्तीची सरक, शतकाला ४३ विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), दुसरा कुठलाही ग्रह न धरता बरोब्बर निघाली.

प्रश्न होता की यावरून काय निष्कर्ष निघतो. पहिला पर्याय, ले व्हेरिएचं दुसऱ्या वेळचं गणित चुकलं. दुसरा, नेपच्यून सापडणं हा योगायोग होता. तिसरा, एखाद्या ग्रहाची चाल हिशोबात बसत नसेल तर त्याचं कारण न दिसलेला ग्रहच असेल असं नाही. चौथा, त्या काळच्या दुर्बिणी कमजोर असल्यामुळं व्हल्कन सापडला नाही. मी पहिल्यावर टिक केली होती. साधी गोष्ट आहे ना, व्हल्कन नव्हता म्हणजे गणित चुकलं!

तुम्ही म्हणालात, "गणित चुकलं असं कुठं लिहिलंय? बोट ठेव." मी बोट ठेवायला गेले आणि काका खरं सांगते माझं बोट कागदावर नुसतं फिरत राहिलं. ते कुठंच नव्हतं. उलट बुध खरंच जास्त सरकतो असं लिहिलं होतं, म्हणजे ले व्हेरिएनं जे पकडलं ते बरोबरच होतं, त्याचं कारण त्यानं जे सांगितलं ते चुकलं. दुर्बिणींबद्दल तर एक शब्द नव्हता, तो मीच शाळेतल्या आठवणीतून घालत होते. आणि १ अंशाच्या आत सापडलेल्याला योगायोग कोण म्हणेल.

मग तुम्ही पोलिसात असतानाची ती पाटल्यांची गोष्ट सांगितलीत. नोकरीला लागून वर्ष पण झालं नव्हतं आणि तुम्ही पंचनाम्यात लिहिलंत 'सोन्याच्या दोन पाटल्या', नंतर सोनारानं बघितलं तर पितळेवर पॉलिश, आणि कोर्टात आरोपीचा वकील तुम्हाला विचारतो, "हवालदार, तुम्ही सोनार आहात का?" तेव्हापासून रिटायर होईपर्यंत कायम 'पिवळ्या धातूच्या', मग ती चेन असो, पाटल्या असोत नाहीतर मंगळसूत्र, आणि डाग असेल तर 'रक्तासारखा दिसणारा लालसर डाग'. मी लहानपणापासून पेपरमध्ये 'पिवळ्या धातूची चेन' वाचत आले, मला ती पोलिसांची सवयीची भाषा वाटायची. त्यामागं एवढी शिस्त आहे हे त्या दिवशी कळलं. डोळ्यांनी पिवळं दिसलं, धातू हाताला लागला, सोनं हे अजून कुणी तपासलेलं नाही.

पण तुम्ही तिथंच थांबला नाहीत हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण नुसतं "जे लिहिलंय तेवढंच" धरलं असतं तर मी दुसऱ्या बाजूला पडले असते. पुढच्या आठवड्यात मी तसंच करायला लागले होते, उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं ज्या पर्यायात दिसेल त्यावर टिक. तेव्हा तुम्ही म्हणालात, "पंचनामा वेगळा, तपास वेगळा. खिडकीची काच फुटली आणि तुकडे घराच्या आत पडलेत, हा पंचनामा. काच बाहेरून फोडली, हा तपास, एक पाऊल. चोर ओळखीचा नव्हता, हे दुसरं पाऊल, ते टाकायचं नाही, त्याला अजून काही सापडावं लागतं." मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, एक पाऊल. पर्याय वाचला की मनात मोजायचे, इथपर्यंत यायला किती पावलं टाकली? शून्य असेल तर ते नुसतं उताऱ्यातलंच वाक्य आहे, एक असेल तर थांबून बघायचं, दोन झाली की खोडायचं. 'नेहमी', 'फक्त', 'सगळेच', 'कधीच नाही' असे शब्द आले की तो पर्याय आपोआप दोन-तीन पावलं पुढं गेलेला असतो, हे पण तेव्हाच लक्षात यायला लागलं.

आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेतली ती रात्र आठवते का? होम मैदानावर शोभेचं दारूकाम चालू होतं, आपण सगळे आमच्या गच्चीवर, आईनं गरम शेंगा आणलेल्या आणि मी तिथं पण उतारा घेऊन आले म्हणून बाबा ओरडत होते. तो हेन्रिएटा लेव्हिटचा होता, हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या फोटोप्लेटांवर तारे मोजायचं काम करायची ती बाई. तिनं १९१२ मध्ये लहान मॅगेलन मेघातले (आकाशगंगेच्या शेजारची एक छोटी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह) २५ तारे घेतले, उजेड कमीजास्त होत राहणारे, आणि दाखवून दिलं की जो तारा जास्त तेजस्वी त्याला मंद होऊन परत उजळायचा एक फेरा पूर्ण करायला जास्त दिवस लागतात. प्रश्न मात्र निष्कर्षाचा नव्हता, असंप्शनचा होता, लेखकानं काय गृहीत धरलंय. मला निष्कर्ष आणि गृहीतक यातला फरक पाठ होता, पण पेपरात ओळखता यायचा नाही. तुम्ही नुसतं मैदानाकडं बघत म्हणालात, "तो मोठा झगमगला तो बाण मोठा होता का जवळ होता?" मी म्हणलं काका जवळ कसा असेल, सगळं मैदानावरूनच उडतंय की. आणि बोलता बोलता मला उत्तर मिळालं! ते सगळे तारे एकाच मेघात, म्हणजे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर, म्हणून जो जास्त तेजस्वी दिसला तो खरंच जास्त तेजस्वी. ते एक धरून चालल्याशिवाय तिचं पुढचं काहीच उभं राहत नाही. तुमच्या भाषेत फिर्यादी जे न बोलता धरून चालतो ते. नंतर याच ताऱ्यांच्या जोरावर एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञानं १९२३ पासून देवयानी दीर्घिकेतल्या ताऱ्यांवरून दाखवलं की ती दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे. पृथ्वीवर बसून, टेप न लावता. मला त्या रात्री झोप नाही आली.

त्याच रात्री मृग वर आला होता आणि मी तुम्हाला त्यातला तो तांबूस काक्षी तारा (बीटलज्यूस) दाखवला. २०१९ च्या शेवटी तो एकाएकी अंधुक झाला तेव्हा किती जणांनी लिहिलं होतं की आता फुटणार, पण त्यानं बाहेर टाकलेल्या धुळीच्या ढगाआड तो झाकला गेला होता आणि काही महिन्यांत परत उजळला. तुम्ही शेंगा सोलत म्हणालात, "अंधुक दिसला, एवढंच पंचनाम्यात." मी अजून आकाशाकडं बघितलं की हे आठवतं. खगोलशास्त्रात कुणाला ताऱ्याला हात लावता येत नाही, सगळा तपास उजेडावरूनच, त्यामुळं हे उतारे मला आधी सगळ्यात अवघड वाटायचे आणि आता हेच आवडतात.

अजून एक गोष्ट जी तुम्ही केलीत आणि तुम्हाला माहितीच नसेल. तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून मला प्रत्येक उतारा मराठीत सांगावा लागायचा, आणि सांगताना मी ज्या वाक्यावर अडखळायचे ते वाक्य मला कळलेलंच नसायचं. आधी मी वाचून पुढं जायचे, कळल्यासारखं वाटायचं. सात-आठ महिने, आठवड्यातून चार संध्याकाळी, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस सोडले तर एकदाही "आज नको" म्हणाला नाहीत. मी क्लासला पैसे भरले होते काका, तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत आणि वर काकूंच्या हातची कडक भाकरी.

१६ जून २०२४ च्या पेपरच्या आदल्या दिवशी तुम्ही काठी टेकत स्टेशनवर आलात, हुतात्मा एक्सप्रेस सुटायच्या आधी खिडकीतून एवढंच म्हणालात, "बोट ठेवून बघ." मी पेपरात खरंच बोट ठेवत होते, शेजारच्या मुलानं वळून बघितलं. निकाल लागला तेव्हा मी ओरडत आले, काका सीसॅट मस्त गेला असणार, तर तुम्ही चष्मा लावून मोबाइलवर माझा रोल नंबर बघितला आणि म्हणालात, "यादीत नंबर आहे, म्हणजे पास झालीस. किती पडले ते यात नाही." आणि मग तुमचे डोळे भरून आले ते मी बघितलं, तुम्ही लगेच चहाचं विचारलंत.

आता मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, सप्टेंबरात. पण त्या सेसिलिया पेन या खगोलशास्त्रज्ञ बाईच्या उताऱ्यावर आपलं अजून पटलेलं नाही हां. तिनं १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेत, रसेलसारख्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाला ते पटलं नाही म्हणून तिला स्वतःच्याच निष्कर्षाबद्दल लिहावं लागलं की हे जवळजवळ नक्कीच खरं नाही, आणि १९२९ मध्ये रसेल स्वतः त्याच उत्तराला पोचला, तिच्या कामाचा उल्लेख केला तरी बरीच वर्षं नाव त्याचंच झालं. 'रसेलनं तिचं श्रेय लाटलं' हा पर्याय तुम्ही खोडायला लावलात, 'लाटलं' कुठं लिहिलंय म्हणून. खोडला मी. उत्तर ते नाही हे मान्य आहे. पण मला राग येतो तो येतोच, आणि तुम्ही त्यावर म्हणाला होतात की राग खरा आहे, तो वहीत दुसऱ्या पानावर लिही. लिहिलाय, तीन पानं झालीत. रविवारी संध्याकाळी घेऊन येते, आई शेंगा चटणी पण देणार आहे, काकूंना सांगा भाकरी जास्त टाका.

तुमची,
समोरच्या घरातली