निधी म्हणायचे आणि कर्ज द्यायचे

श्रीमंत देशांनी स्वच्छ ऊर्जेसाठी निधी द्यावा, ही मागणी रास्तच. पण हा ‘निधी’ काय चीज आहे, ते दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटीकडे पाहून कळते. तिथले १९६१ साली सुरू झालेले कोळशावरचे वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले. त्या जागी सौर, पवन आणि बॅटरी प्रकल्पांसाठी जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. त्यात अनुदान किती? १ कोटी. बाकी सारे कर्ज! ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ साली श्रीमंत देशांनी त्या देशाला कबूल केलेल्या ८.५ अब्ज डॉलरच्या करारातून तर अमेरिकेने २०२५ मध्ये अंगच काढून घेतले.

आम्ही चंद्रपूरकर कोळशावरच जगतो. पाळी सुटली की इथल्या वीजकेंद्राच्या गेटासमोरच्या टपरीवर चहा-भज्यांना गर्दी होते, आणि उधारीची वही पगार झाला की मगच कोरी होते. उद्या हे वीजकेंद्र बंद पडले तर कायम कामगारांची बदली होईल. कंत्राटी मजुरांचे आणि त्या वहीचे काय? बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे ठरले. त्यात हा टपरीवाला कुठल्या रकान्यात बसतो, एवढे तरी आपल्या शिष्टमंडळाने पुढच्या बैठकीत विचारावे.

– एक वाचक, दुर्गापूर (जि. चंद्रपूर)