पहिलं नाव

॥ श्री ॥

हर्णै

चि. मंगेश यास अनेक आशीर्वाद.

काल मी मध्येच "बरं, ठेवतो" म्हणालो ते रागाने नव्हे. बोर्डिंग पार्टीच्या, म्हणजे संशयित बोटींवर चढून तपास करणाऱ्या तुकडीच्या, यादीत पहिलं नाव तू स्वतःहून दिलंस हे ऐकलं आणि मला पुढे बोलता येईना. आईला अजून सांगितलेलं नाही. बोट एडनच्या आखातात जाणार, व्यापारी जहाजांना सोबत करणार, एवढंच तिला ठाऊक आहे. आपलं नौदल 2008 पासून तिथे हेच काम करतंय, काळजीचं काही नाही, असं मीच तिला समजावलं. रात्री मात्र मलाच झोप लागेना, म्हणून तात्यांची पेटी उघडली.

तात्यांच्या युद्धनौकेचा, 'बेंगॉल'चा फोटो तसाच आहे, कडा तेवढ्या पिवळ्या पडल्यात. तुला तात्यांनी ती गोष्ट दहादा सांगितली असेल, पण तू सहा वर्षांचा होतास आणि तुला फक्त स्फोट हवा असायचा. आता नीट ऐक. 'बेंगॉल' सिडनीला बांधलेली, जेमतेम साडेसहाशे टनांची. तिच्यावर एक बारा पौंडी तोफ आणि त्या तोफेला 40 गोळे. 11 नोव्हेंबर 1942 ला कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला ती 'ओंदिना' या डच टँकरला सोबत करत होती. समोर दोन जपानी जहाजं आली, 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू'. दोन्ही दहा हजार टनांच्या वरची. 'बेंगॉल'च्या कप्तान विल्सनसाहेबांनी टँकरला पळून जायला सांगितलं आणि आपल्या बोटीचं नाक सरळ 'होकोकू'वर धरलं.

तात्या गोळे पुढे देणाऱ्यांच्या रांगेत होते. हातातून गोळा सुटला की मनात आकडा म्हणायचे. सांगताना त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जायचा, आणि तिशीपाशी आला की थांबायचा.

'होकोकू मारू' पेटली, फुटली, बुडाली. गोळा 'बेंगॉल'चा लागला की टँकरवरच्या तोफेचा, यावर अजून वाद आहे. तात्या त्या वादात कधी पडले नाहीत. त्यांचं सगळं दुखणं पुढचं होतं. गोळे संपत आले तशी 'बेंगॉल' मागे फिरली. 'ओंदिना'वर मारा चालू होता आणि ती गेलीच असं सगळ्यांनी धरलं. 17 तारखेला हे दिएगो गार्सिया बेटावर पोचले. आपल्या बोटीवर एकही माणूस गेला नव्हता, तरी तात्यांना जेवण जाईना. "आमी त्यांना सोडून आलाव," एवढंच म्हणायचे.

आणि 'ओंदिना' 18 तारखेला ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला पोचली! तिचा कप्तान गेला, होड्यांत उतरलेल्या माणसांवर जपान्यांनी मशीनगन चालवली, तरी उरलेले परत चढले आणि जहाज घेऊन गेले. तात्यांना हे नंतर कळलं. पण ते मधले दिवस त्यांच्या अंगातून कधी गेले नाहीत. संध्याकाळी बंदरावर होड्या मोजत उभे राहायचे ते त्यामुळेच. शेवटची लागेपर्यंत बाय ताट वाढायची नाही, आठवतं ना?

मी तुला हे का लिहितोय? लिहायचं होतं की पुढे होऊ नकोस. पहिलं नाव दुसऱ्या कुणाचं असू दे. पण मग त्या दुसऱ्याचा बाप आज रात्री कुठली पेटी उघडेल, हे मनात आलं आणि पेन थांबलं. तरीही लिहितो. शिडी चढताना वर बघ, घाई करू नकोस, जॅकेटचे पट्टे स्वतः तपास, कुणी "बघितले" म्हणालं तरी परत तपास. पाठ राखणारा माणूस आधी ठरवून ठेव. शौर्य दाखवायला म्हणून... जाऊ दे. हे सगळं तुला तिथे माझ्यापेक्षा चांगलं शिकवलंय. अठ्ठावीस वर्षं एसटीच्या डेपोत काढलेल्या माणसाने तुला समुद्र शिकवू नये. चुकलो.

मला तुझा अभिमान आहे. फोनवर हे सांगायला हवं होतं. तात्या असते तर तुला ओट्यावर बसवून आधी शिट्टी वाजवायला लावली असती, मग आत जाऊन एकटेच रडले असते. अक्काच्या वेळी केलं तसं.

आमसुलं आणि सोडे बॅगेच्या तळाशी आहेत. सोड्यांची पिशवी दुहेरी बांधली आहे, कपड्यांना वास लागणार नाही. नेट मिळेल तेव्हा आईच्या फोनवर काहीही पाठव, नुसतं "आहे" म्हटलंस तरी पुरे. यादीचं तिला तूच सांग. माझ्याने होणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. यादीत दुसरं नाव कुणाचं आहे ते कळव. मुलगा कुठला, घरी कोण असतं, तेही.